काही नाही, एवढंच

ती पहिल्यांदा आली तेव्हा
पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधून
रानातल्या पाल्यावरून ओढत चालली होती.
आम्हाला वाटलं, नवस असणार.
पॅन्ट मोज्यांत खोचलेली, मोजे गुडघ्यापर्यंत,
दर दहा पावलांनी थांबून कापड उलटायची
आणि चिमट्यानं काहीतरी उचलून नळीत घालायची,
सोनार गुंज उचलतो तसं.

"काय हुडकूलालीस गे पोरी?"
"गोचीड," म्हणाली.
मराठीतला तेवढाच शब्द पाठ करून आलेली.

नाव भुवनेश्वरी हुक्केरी. विद्यापीठातली.
विद्यापीठ म्हणजे आम्हाला
निपाणीच्या गाडीतून दिसणारी एक कमान.
माझ्या धाकट्या दिराच्या मार्कशीटवर त्याचा शिक्का आहे
आणि नावात एक चूक.
दुरुस्तीला तो तीनदा गेला, चौथ्यांदा गेला नाही.
आता त्याच चुकीच्या नावानं गोव्यात कामाला आहे.

त्या साली पलीकडच्या खोऱ्यात माकडं मेली होती,
मागोमाग दोन माणसं.
मी आशा कार्यकर्ती. दारोदार सांगत फिरायचे,
तेल लावल्याशिवाय रानात जाऊ नका,
पाल्यावर बसू नका.
माझ्याकडं सांगायला होतं,
दाखवायला काही नव्हतं.

नऊ रात्री ती माझ्या पडवीत राहिली.
जेवण झालं की नळ्या मोजायची,
मी मोबाईलची बॅटरी धरायचे.
ती ऐदु, आरु, एळु. मी पाच, सहा, सात.
कधी तिचा आकडा पुढं, कधी माझा.
भांडण झालं ते एकदाच,
सत्तावीस की अठ्ठावीस,
मग दोघींनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

आणि ती गेली.

आमच्याकडं मोजायला येणारे पुष्कळ.
माणसं मोजतात, म्हशी मोजतात, संडास मोजतात,
घरात कुठली भाषा बोलता विचारून
चौकोनात खूण करतात.
मोजून नेलेलं परत आलेलं कुणी पाहिलं नाही.
पाणवठ्यावर बायका म्हणायच्या,
तुझी गोचीडवाली तिकडं मोठी मॅडम झाली असंल.
मी हसायचे.
आत एक कुसळ बसून असायचं.

दीड वर्षानं, शेवटच्या गाडीनं उतरली.
हातात काठी नाही, कापड नाही, एक कागद.
देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर वाचला:
"तुमच्या गावातील एकशे बारा नळीत
रोगाची विषाणू मिळाला नाही.
पुढचे वर्षी परत बघणे आहे.
तोपर्यंत सावध रहावे."
स्वतः लिहिला होता, मराठीत.
विषाणू अर्धा बाई, अर्धा पुरुष,
एकशे बारा नळ्या मिळून एकच.

रवळू गुरव उठला.
"म्हणजे एवढं सगळं करून काहीच नाही सापडलं?"
"नाही सापडला," ती म्हणाली,
"तेच सांगायला आली."

कट्ट्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही.
कुणी तरी तंबाखूची चंची उघडली, तशीच मिटली.
काही नाही, एवढंच सांगायला
एवढ्या लांबून आलेलं माणूस
आम्ही आजवर पाहिलं नव्हतं.
मग रवळूच म्हणाला,
"चहा तरी ठेवा की ओ कुणी."

कागद अंगणवाडीच्या भिंतीवर आहे,
पोलिओच्या तक्त्याशेजारी.
धाकलू मास्तर लाल पेन घेऊन आले होते दुरुस्तीला.
मी म्हटलं, राहू द्या.
त्यांनी तरी जाता जाता
एक वेलांटी सुधारलीच.

काल तिचा फोन आला.
"अक्का, पांढरं कापड आहे घरात?
दर आठवडी, काजूच्या बागेकडं, शंभर पावलं.
मोजून तू मला सांगायची."
मी सासूची जुनी चादर काढली, मधून फाडली,
काठी परसातल्या कुंपणाची घेतली.
साडी मोज्यांत कशी खोचायची
तेवढं विचारायचं राहून गेलं.